वस्तऱ्याखालचा सल्ला

गल्लीने त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते खालून वर. त्याआधी कित्येक वर्षं सगळे त्यांना आरशातच पाहत आले होते. मानेमागे उभा असलेला, ओठांत कंगवा धरलेला, मान किंचित कलती केलेला एक माणूस. केस कापणाऱ्याकडे कोण बघतो? खुर्चीत बसलेला जो तो स्वतःकडेच बघत असतो.

त्या सकाळी दुकान उघडं होतं, पंखा फिरत होता, खुर्च्या पुसलेल्या होत्या आणि माणूस मात्र गायब. वकीलसाहेब दाढीला आले होते. दाराशी उभे राहून ते खाकरले.

"आहे का कुणी?"

"आलो, आलो!" आवाज आभाळातून आल्यासारखा आला. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं टेकून ते उभे होते आणि स्वतःच्याच दुकानाकडे वरून बघत होते. गळ्यात टॉवेल तसाच होता.

"अहो, तिथे काय करताय?"

"घेतली!"

"इतक्या सकाळी?"

सगळी गल्ली हसली. तेही हसले. मग ओरडून सांगितलं, "खोली घेतली, साहेब! खोली!"

तेव्हापासून गल्लीत त्यांचं नाव मालक पडलं. आधी चिडवण्यासाठी, मग सवयीने. बायकोने मात्र ते नाव ऐकून नाक मुरडलं. "माझे मालक तुम्ही होतातच. आता भिंतींचेही झालात. भिंती तरी तुमचं ऐकताहेत का बघा."

खोली एकच होती, बाजूला लहानसं स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर. खिडकीची एक फळी लागत नव्हती आणि भिंतीला ओल होती. पण आयुष्यभराची शिल्लक त्यांनी तिच्यात ओतली होती, आणि त्यामागचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. कारण त्यांच्या उजव्या हातात होतं. मागच्या थंडीपासून त्या हाताला बारीक कंप सुटला होता. बाटलीतला कंगवा उचलताना त्याचे दात काचेवर तडतडत. कात्री चालवताना काही कळत नसे; कात्री मुळात हलणारीच वस्तू. वस्तरा मात्र हलून चालत नाही. दाढी करताना ते करंगळी गिऱ्हाइकाच्या गालावर टेकवून हात स्थिर करायचे आणि मनात म्हणायचे, आजचा दिवस गेला. हात थांबला की खोलीचं भाडं घर चालवेल, असा साधा हिशेब. बायकोला त्यांनी सांगितलं नव्हतं. तिला बशीत वाजणाऱ्या कपावरून केव्हाच कळलं होतं. कळलंय हे तिने त्यांना कळू दिलं नव्हतं.

घरमालक होणं म्हणजे काय, हे शिकवायला मालकांकडे गुरू भरपूर होते. दोन खुर्च्यांवर दिवसभर गावातली अक्कल येऊन बसायची. वकीलसाहेब एक दिवसाआड दाढीला यायचे. लोकांचे कर भरून देणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे करवाले म्हणत, ते यायचे. फी देऊन सल्ला घ्यायचा म्हणजे अर्ध्या दिवसाची कमाई गेली. इथे सल्ला आपणहून खुर्चीत येऊन बसत होता, वर दाढीचे पैसेही देऊन जात होता. मालक खूश होते.

अडचण एवढीच, की आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेपटाशी येतो. आणि प्रश्न विचारण्याची मालकांची वेळ ठरलेली. गालाला फेस लागला, मान मागे टेकली, माणूस सैलावला की ते हळूच विषय काढायचे. उत्तर शेपटापर्यंत पोचेपर्यंत वस्तरा वरच्या ओठाशी पोचलेला असायचा.

"भाडं येतंय म्हणून घाबरू नका," करवाले एकदा डोळे मिटून म्हणाले होते, "पण एवढ्याशा भाड्यावर कर लागत नाही..." इथे वस्तरा नाकाखाली आला. करवाले गप्प झाले. मिशीची कड झाली, तुरटी फिरली, आणि मग त्यांनी "असं समजू नका" हे उरलेलं वाक्य टॉवेलमध्ये पूर्ण केलं. मालक तोवर पुढच्या गिऱ्हाइकाची मान पुसत होते. कर लागत नाही, एवढं त्यांनी पक्कं ऐकलं होतं.

खोलीत राहायला आली ती एक परिचारिका. तिशीतली, एकटी, झपझप चालणारी, बोलण्यात काटकसर करणारी. सगळी इमारत तिला सिस्टर म्हणे. मालक तिला बाई म्हणत आणि ती त्यांना काका म्हणे. करारबिरार काही झाला नाही. "माणूस बघून कळतं," मालक म्हणाले. डिपॉझिट म्हणून तिने दिलेली रक्कम खिडकीची फळी, ओलीचा बंदोबस्त आणि नव्या नळात आठवड्याभरात विरघळून गेली. डिपॉझिट हे दुसऱ्याचं आपल्याकडे ठेवलेलं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. किंवा कुणी अर्धंच सांगितलं असेल.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी रस्त्यात सिस्टर मालकांच्या बायकोला म्हणाली, "काकू, जरा बहिणीकडे जाऊन येते. तिचं ऑपरेशन आहे." आणि गेली. महिना गेला, भाडं आलं नाही. फोन लावला तर लागेना. दुसरा महिनाही तसाच गेला.

दुकानात चेष्टेला ऊत आला. "सिस्टर सिस्टरकडे गेली, आता कसली येते!" "मालक, पाखरू उडालं. पिंजरा तेवढा तुमचा." मालक हसून घालवायचे, पण नजर समोरच्या बंद खिडकीकडे जायची. त्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर बारीकसं रक्त आलं. त्यांनी तुरटी दाबून धरली, "पुटकुळी होती" म्हणून सांगितलं आणि त्या माणसाकडून पैसे घेतले नाहीत. हात दगा देऊ लागला, आणि हाताच्या जागी ज्या खोलीवर भिस्त ठेवली, ती रिकामी पडलेली. ना भाडं, ना दुसरा भाडेकरू ठेवता येत.

वकीलसाहेब खुर्चीत मान मागे टेकून बसले होते. मालकांनी ब्रश फिरवत विषय काढला.

"साहेब, समजा भाडेकरू भाडं देत नाही, फोन लागत नाही, गावालाच गेला. तर मालकाने काय करावं?"

"हे बघा," वकीलसाहेब फेसातून म्हणाले, "पहिली गोष्ट. भाडं थकलं म्हणून आपण सरळ जाऊन कुलूप बदलायचं..."

वस्तरा वरच्या ओठावर आला. वकीलसाहेब थबकले. मालकांनी करंगळी गालावर टेकवली, श्वास रोखला, मिशीखालची जागा साफ केली.

"म्हणजे बदलून टाकायचं?" त्यांनी खात्री करून घेतली.

"हंऽऽ," वकीलसाहेब ओठ न हलवता म्हणाले. 'नसतं' हा शब्द त्यांनी त्या हुंकारात घातला होता, अशी त्यांची शेवटपर्यंत समजूत राहिली.

दुपारी दुकान बंद ठेवून मालक किल्लीवाल्याला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले. जुनं कुलूप निघालं तेव्हा दार आपसूक थोडं उघडलं. आतमध्ये भिंतीशी तिचे पांढरे बूट जोडीने ठेवलेले दिसले, टाचा जुळवलेल्या. मालक आत गेले नाहीत. का कोण जाणे, उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकायला त्यांना संकोच वाटला. स्वतःची खोली असून चोरासारखं वाटलं. त्यांनी दार ओढून घेतलं, नवं कुलूप लावलं आणि त्याच्या दोन्ही किल्ल्या खिशात टाकल्या.

त्यानंतर वकीलसाहेब आले ते केस कापायला. फेस नव्हता, वस्तरा नव्हता. वाक्य पूर्ण करायला कसलीच आडकाठी नव्हती. मालक कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले, "साहेब, तुमच्या सल्ल्याप्रमाणे केलं बरं का. कुलूप बदलून टाकलं."

वकीलसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत वळले. कात्री वेळेवर बाजूला झाली म्हणून कान वाचला.

"कुठलं कुलूप?"

"खोलीचं."

"अहो, मी म्हणालो बदलायचं नसतं! न, स, तं!"

"तुम्ही हं म्हणालात."

"माझ्या ओठावर वस्तरा होता! दुसरं काय म्हणणार?"

बाजूच्या खुर्चीवरचे करवाले वर्तमानपत्राआडून खदखदू लागले. वकीलसाहेब मात्र हसत नव्हते. गळ्यातलं कापड तसंच ठेवून त्यांनी मालकांना समोरच्या बाकावर बसवलं. "नीट ऐका. खोली तुमची, हे खरं. पण ती भाड्याने दिलीत, त्या दिवशी ताबा तिचा झाला. मालकी एक, ताबा दुसरा. भाडं थकलं तर नोटीस द्यायची, मुदत द्यायची, नाहीच ऐकलं तर कोर्टात जायचं. तोपर्यंत तिच्या दाराला हात लावायचा हक्क तुम्हाला नाही. तिने तक्रार केली, तर खोली वर्षानुवर्षं भांडणात अडकेल. भाडंही नाही आणि विकताही येणार नाही. आणि तुमच्या बाजूने उभं राहायला मलाच लाज वाटेल."

वर्षानुवर्षं, हा एकच शब्द मालकांच्या डोक्यात फिरत राहिला. आपला हात किती वर्षं टिकेल?

"करार काय लिहिलाय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"माणूस बघून..."

"म्हणजे नाही. डिपॉझिट?"

"खिडकीला लागलं."

"आणि भाड्याचं उत्पन्न दाखवलंत ना?" करवाल्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"तुम्हीच म्हणालात, कर लागत नाही."

"असं समजू नका, म्हणालो होतो!"

आता वकीलसाहेब हसले. मालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खुंटीवरचा टॉवेल काढून स्वतःचाच घाम पुसला.

दुपारी जेवायला घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. सांगता सांगता हाताचंही सांगून टाकलं. तिने फक्त "हं" म्हटलं, आणि हा हुंकार खरोखर होकाराचा होता. मग म्हणाली, "आत्ता वर जा आणि ते कुलूप काढा. पोरीचं जुनं परत लावा."

"जुनं किल्लीवाल्याकडे गेलं. मोडीत."

"मग दार उघडं ठेवून उंबऱ्यावर बसा."

एवढं करायची वेळच आली नाही. ते रस्ता ओलांडायला निघाले, तर सिस्टर जिन्यातून खाली येताना दिसली. खांद्याला प्रवासाची पिशवी, केस वाऱ्याने विस्कटलेले, हातात जुनी किल्ली. ती सरळ दुकानात शिरली, मागोमाग मालक. दोन्ही खुर्च्यांवर गिऱ्हाइकं त्यांची वाट बघत बसली होती. रेडिओ कुणीतरी न सांगता बंद केला.

"काका, माझी किल्ली लागत नाही."

"लागणार नाही," मालक म्हणाले. "कुलूप मी बदललं."

तिने हातातल्या जुन्या किल्लीकडे पाहिलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "माझा गणवेश आत आहे. बूट आत आहेत. उद्या सकाळी नव्या दवाखान्यात पहिली ड्यूटी आहे. आणि माझ्याच घराच्या दाराशी मी पाहुणीसारखी टकटक करत होते."

"भाडं थकलं होतं, बाई. फोन लागेना."

"बहिणीच्या गावी रेंज नाही. टेकडीवर जावं लागतं फोन करायला, आणि तिच्या उशापासून मी उठत नव्हते. भाड्याचं म्हणाल तर डिपॉझिट होतं ना तुमच्याकडे? मी समजले, त्यातून वळतं कराल. आल्यावर भरून देणारच होते."

डिपॉझिट म्हटल्यावर मालकांनी मान खाली घातली. कोपऱ्यातल्या खुर्चीवर मानेला कापड बांधून बसलेला एक छापखानेवाला पुढे वाकून त्यांच्या कानात कुजबुजला, "आधी लेखी घ्या, तक्रार करणार नाही म्हणून. मग किल्ली द्या. नाहीतर फसाल."

सल्ला वाईट नव्हता. त्या दिवशी तरी मालकांना तो पूर्ण ऐकू आला होता. त्यांचा हात खिशात गेला आणि किल्ल्यांवर थांबला. एकदा किल्ली दिली की हातात काही उरणार नव्हतं. खोली, म्हातारपण, गल्लीतली पत, सगळं त्या बाईच्या मर्जीवर. खिशात हात थरथरायला लागला आणि दोन्ही किल्ल्या एकमेकींवर वाजू लागल्या. दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या.

त्यांनी किल्ल्या बाहेर काढल्या. दोन्ही.

"ही एक आणि ही दुसरी. तिसरी नाही. माझ्याकडे मी ठेवलेली नाही. आत मी पाऊल टाकलेलं नाही, पण दार उघडलं हे खरं. चूक माझी आहे. तुम्हाला तक्रार करायची असेल तर खुशाल करा. मी नाही म्हणणार नाही."

छापखानेवाल्याने कपाळाला हात लावला.

सिस्टरने किल्ल्या घेतल्या. पण ती बघत होती मालकांच्या हाताकडे. सवयीच्या नजरेने, रोग्याकडे बघावं तशी. "हे कधीपासून?" तिने विचारलं.

"खोली घेतली, त्याच्या आधीच्या थंडीपासून."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"नाही."

"तक्रारीचं मी उद्या संध्याकाळी सांगते," ती म्हणाली, पिशवी सावरली आणि गेली.

ती रात्र आणि तो दिवस मालकांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. दाढ्या त्यांनी त्या दिवशी केल्याच नाहीत; वस्तऱ्याला धार नाही, अशी थाप मारली. बायको मध्येच डोकावून गेली. म्हणाली, "किल्ली दिलीत ते बरं केलंत. आता जे होईल ते दोघं मिळून बघू." एवढंच बोलून ती गेली, पण मालकांना जरा धीर आला.

संध्याकाळी सिस्टर ड्यूटीवरून परस्पर दुकानात आली. पांढरे बूट पायात होते. वकीलसाहेब आणि करवाले दोघेही, दाढीची पाळी नसताना, बाकावर येऊन बसले होते. तिने पर्समधून थकलेलं भाडं काढून काउंटरवर ठेवलं.

"तक्रार करत नाही. पण माझ्या अटी आहेत."

"बोला, बाई."

"करार लिहायचा. दर महिन्याला पावती द्यायची. आणि दाराशी यायचं तर आधी कळवायचं."

"आणि थकलेलं भाडं?" मालकांनी भीत भीत विचारलं. "ते मी घेऊ?"

"घ्या की, तुमचंच आहे. पण माझं डिपॉझिट कुठाय?"

मालकांनी काउंटरवरचे पैसे जसेच्या तसे उचलून वकीलसाहेबांपुढे धरले. "साहेब, हे बाईंच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवायचे. कमी पडतील ते मी भरतो."

"आता कुठे मालक झालात," वकीलसाहेब म्हणाले.

करार दुकानातच लिहिला गेला. वकीलसाहेब एकेक कलम मोठ्याने वाचत आणि गिऱ्हाइकं त्यावर कीस काढत. भिंतीला खिळा ठोकला तर नुकसान की वापर? नळाचा वॉशर कुणी बदलायचा? मालकाने खोली विकली तर करार संपतो की नव्या मालकाच्या गळ्यात पडतो? एक गिऱ्हाईक तर अर्धे केस कापलेल्या अवस्थेत उठून उभं राहिलं आणि म्हणालं, "रंगाचं लिहा! रंगावरून माझं सासऱ्याशी वैर आहे." मालक प्रत्येक कलमाला वकीलसाहेबांना थांबवायचे आणि विचारायचे, "वाक्य संपलं का, साहेब?" संपलंय याची खात्री झाली की मगच मान डोलवायचे.

करवाल्यांनी आपली बाजू काढली. मागच्या वर्षाचं भाडं दाखवायचं राहिलंय, ते आपणहून दाखवायचं, थोडं व्याज पडेल, पण कर खात्याने शोधून काढण्यापेक्षा ते परवडतं. दुरुस्तीचा खर्च मात्र त्यातून वजा होईल.

"ओलीवर रंग मारला, त्या रंगाऱ्याच्या मजुरीची पावती आहे ना?"

"पावती कसली? त्याची दाढी मी सहा महिने फुकट केली. हिशेब मिटला."

करवाल्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "म्हणजे खर्चाला पुरावा नाही, आणि वर दाढ्यांचं उत्पन्नही दाखवावं लागेल!"

"त्याच्या दाढीला उत्पन्न म्हणत असाल, तर तुम्ही ती दाढी पाहिलेली नाही," मालक म्हणाले. सिस्टर पहिल्यांदा हसली.

नंतरच्या आठवड्यात तिनेच त्यांना आपल्या दवाखान्यात नेलं. कंप वयाचा निघाला. घाबरण्यासारखा नव्हता, जाण्यासारखाही नव्हता. गोळ्यांनी थोडा आवरला. डॉक्टरांनी सांगितलं, काम करा, पण धारेचं नको. बाहेर आल्यावर मालकांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. मग सिस्टरला म्हणाले, "बाई, हे तुम्ही का केलंत? कुलूप विसरलात?"

"विसरले नाही," ती म्हणाली. "तुम्ही किल्ली काढलीत तेही विसरले नाही. चला, काकू वाट बघत असतील."

बायकोने कप बशीशिवाय द्यायला सुरुवात केली. कारण विचारलं तर म्हणाली, "बशा धुवायचा कंटाळा."

आता दुसऱ्या खुर्चीवर एक होतकरू कारागीर वस्तरा चालवतो. त्याला मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, गिऱ्हाईक बोलत असेल तर हात थांबव. सिस्टर त्याच खोलीत राहते. करार दोनदा नव्याने लिहून झाला, आणि दोन्ही वेळा भाडं ठरवताना मालक आणि सिस्टर बाजारातल्यासारखे भांडले. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती भाडं देते आणि उभ्या उभ्या पावती मागते. मालक ती लिहितात, अक्षर थोडं वाकडं येतं, पण वाचता येतं. सकाळी ते दुकान उघडतात, दुपारपर्यंत केस कापतात आणि मग घरी जाऊन झोपतात.